अडून बसलेला काटा

"कानातले पण काढ," ताम्हनकरबाई म्हणाल्या.

मी कानातले काढले. घड्याळ काढलं, ओढणी खुर्चीवर टाकली, केसांतली क्लिपसुद्धा काढून टेबलावर ठेवली. चपला दारातच सोडल्या होत्या. मग पोट आत ओढून, देवाचं नाव घेऊन वजनकाट्यावर उभी राहिले. काटा थरथरला, थोडा पुढे गेला, मागे आला आणि अठ्ठ्याहत्तरवर जाऊन बसला.

"परत तेच," बाई म्हणाल्या.

"बाई, काटा बिघडला असेल."

त्यांनी मला उतरवलं, स्वतः चढल्या, बघितलं आणि उतरल्या. "काटा ठणठणीत आहे. मीही आहे तिथंच आहे. पण मला कुठं कमी करायचंय? बस."

मी बसले. ताम्हनकरबाई इस्पितळात आहारतज्ज्ञ होत्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, आणि बोलायला एकदम रोखठोक.

"पद्मजा, एक विचारते, राग मानू नकोस. मधल्या वेळी चोरून काही खातेस का? शेव, फरसाण, एखादी जिलबी?"

"आईशप्पथ नाही, बाई."

"मग हे असं का होतंय?"

ते मला कळलं असतं तर मी त्यांच्याकडे कशाला गेले असते?

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. मिरजेत आमची खानावळ होती, मगदूम खानावळ. माझे वडील आदगोंडा मगदूम, साऱ्या गावाचे अण्णा. कॉलेजची पोरं, एकटे राहणारे नोकरदार, इस्पितळात पेशंट घेऊन आलेले नातेवाईक, सगळे आमच्याकडे जेवायचे. मी लहानपणापासून त्याच चुलीपुढं वाढले आणि चांगलीच वाढले. कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये मी शिकवायचे, तिथली पोरं माझ्या पाठीमागे मला 'विंडोज मोठी' म्हणायची. मलाही त्याचं फारसं काही वाटत नसे.

वाटायला लागलं ते अण्णांच्या किडन्या गेल्यावर. दीड वर्ष ते डायलिसिसवर होते. हाताच्या शिरा दगा द्यायला लागल्या होत्या. डॉक्टर शहापुरे म्हणाले, किडनी बदलायची तर आता, अंगात ताकद आहे तोवर. आईला साखरेचा आजार, ती देऊ शकत नव्हती. मला भाऊ-बहीण नाही. माझा रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्याही उत्तम आल्या. अडलं ते फक्त वजनापाशी.

"एवढ्या वजनात मी तुला टेबलावर घेणार नाही," डॉक्टर म्हणाले. "एक किडनी काढल्यावर उरलेलीनं तुला जन्मभर पुरायला हवं. चौऱ्याहत्तरच्या खाली ये, मग बोलू."

शहाऐंशीवरून मी सुरुवात केली होती. पहिले आठ किलो तर असे उतरले की मलाच खरं वाटेना. शाहीन शिकलगार, क्लासमधली माझी मैत्रीण, पहाटे मला मैदानावर न्यायची. मी पळायचे आणि ती कट्ट्यावर बसून "शाब्बास!" म्हणायची. दसऱ्याला तर आईनं माझे चार ड्रेस शिवून आत घेतले. आणि दसऱ्यानंतर काटा जो अडून बसला तो बसला. दिवाळी गेली, मार्गशीर्ष लागला, काटा आपला अठ्ठ्याहत्तरवर.

"पुढच्या आठवड्यात येताना दुपारचं जेवण घेऊन ये," ताम्हनकरबाई म्हणाल्या. "घरात जे खातेस तेच, तसंच. मला डोळ्यांनी बघायचंय."

घरी आले तर अण्णा माझं ताट मांडूनच बसले होते.

हे एक सांगायला हवं. दसऱ्यापासून माझं जेवण अण्णा स्वतः करायचे. खानावळीतलं तेलकट माझ्या पोटात जायला नको म्हणून. डायलिसिसनं माणूस पिळवटून निघतो, पण ते सकाळी उठून, भिंतीला धरत स्वयंपाकघरात यायचे आणि माझ्यासाठी वेगळी चूल पेटवायचे. मुगाची आमटी, पालेभाजी, नाचणीची भाकरी, ताक. आईलाही हात लावू द्यायचे नाहीत. ते बघून खानावळीत येणाऱ्या बायका डोळे पुसायच्या.

"काय म्हणाली बाई?" अण्णांनी विचारलं.

"काय म्हणणार? आहे तिथंच."

"असू दे गं. शरीर हाय, यंत्र न्हाई. बस, जेव."

"भाकरी एकच वाढा."

"एक तर एक. पण आमटी सोडायची न्हाई, पथ्याची हाय."

आमटी अप्रतिम असायची. मी शाहीनला सांगायचेसुद्धा, पथ्याचं जेवण इतकं चवदार करणारा माणूस अख्ख्या सांगली जिल्ह्यात सापडायचा नाही. भाकरी तर इतकी मऊ की दुमडली तरी मोडायची नाही. मी जेवत असताना अण्णा समोर बसून राहायचे, गालाला हात लावून. मी ताट चाटूनपुसून स्वच्छ करायचे. त्यांनी केलेलं टाकणार कसं?

पण त्या दिवशी मनात एक किडा शिरला. बाईंना मी खोटारडी वाटत होते. डॉक्टर जानेवारीपर्यंत थांबायला तयार होते, त्यापुढं अण्णांच्या तब्येतीचा भरवसा देत नव्हते. मग मी ठरवलं, काहीही करून काटा हलवायचा. संध्याकाळचं जेवण सोडलं. आमच्याकडे दिवेलागणीच्या आत जेवायची रीत. मी आईला सांगायचे, क्लासला उशीर होतो, तिथंच फळं खाते. फळं कसली, दोन ग्लास पाणी प्यायचे. सकाळी मैदानावर दुप्पट पळायला लागले.

शाहीन कट्ट्यावरून म्हणाली, "पद्मा, तुझं तोंड बघ आरशात. पापड झालाय नुसता."

"पापडाचं वजन कमी असतं," मी म्हणाले.

आणि दोनच दिवसांनी क्लासच्या जिन्यात मला चक्कर आली. चार पायऱ्या घसरत खाली आले. गुडघा फुटला, बाकी काही नाही. शाहीननं बेसिनपाशी नेऊन गुडघा धुतला, मला अर्धा तास शिव्या दिल्या आणि स्वतःच्या डब्यातली चपाती बळेच चारली. घरी मी पायरीवरून पाय घसरला एवढंच सांगितलं. त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात वजन केलं.

अठ्ठ्याहत्तर.

त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडले. खोटं कशाला सांगू? मला वाटलं, माझ्या हाडांतच हे वजन भरलेलं आहे. अण्णांना द्यायला माझ्याकडे सगळं आहे आणि चार किलोंमुळे मी देऊ शकत नाही.

पुढच्या आठवड्यात बाईंकडे जायचा दिवस आणि अण्णांच्या डायलिसिसचा दिवस एकच आला. अण्णा सकाळी माझं जेवण करून, झाकून ठेवून, लवकरच रिक्षानं गेले. आई भांडी मांडत होती. मी म्हटलं, आई, डबा भर, बाईंना दाखवायचाय. तिनं अण्णांच्या पातेल्यातली आमटी ओतली, भाकरी बांधली आणि मी निघाले.

बाहेर थंडी मरणाची होती आणि बाईंच्या खोलीत तर फरशीसुद्धा पायाला झोंबत होती. माझा नंबर यायला दुपार झाली.

"उघड," बाई म्हणाल्या.

मी डबा उघडला आणि आम्ही दोघी आत वाकून बघत राहिलो.

आमटी दिसतच नव्हती. वर बोटभर जाडीचा, पिवळसर पांढरा, कडक थर धरला होता. बाईंनी चमचा घेतला आणि त्यावर टकटक केलं. चक्क आवाज आला.

"हे काय?"

"आमटी."

"मिरजेत बर्फ पडला का काल?" त्यांनी चमच्यानं थराचा तुकडा उचलला, नाकाशी नेला. "तूप आहे हे. साजूक, लोणकढं. वास बघ." मग भाकरी मोडली, दोन बोटांत चुरली आणि बोटं मला दाखवली. बोटं चकाकत होती. "पीठसुद्धा तुपात मळलंय. कोण करतं तुझं जेवण?"

एका क्षणी सगळं लख्ख दिसलं. ती चवदार आमटी, ती न मोडणारी भाकरी, ते साईसकट घुसळलेलं दाट ताक. आणि समोर बसून, गालाला हात लावून, शेवटच्या घासापर्यंत माझ्याकडे बघत राहणारे अण्णा.

"बाई, मी आले," मी म्हणाले, डब्याचं झाकण लावलं आणि तशीच खालच्या मजल्यावर गेले.

डायलिसिसच्या खोलीत अण्णा पलंगावर पडले होते. हाताला नळ्या लावलेल्या, शेजारी यंत्र गरगरत होतं. अजून तास-दीड तास तरी त्यांना उठता येणार नव्हतं. मी स्टूल ओढून बसले आणि डबा त्यांच्या छातीवर ठेवला.

"आलीस? काय म्हणाली बाई?"

मी झाकण उघडलं.

अण्णांनी आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग हळूच डोळे मिटून घेतले.

"झोपेचं सोंग करू नका."

"झोप आली गं खरंच."

"अण्णा!"

त्यांनी एक डोळा उघडला. "थंडीत गोठतंय, ते ध्यानात न्हाई आलं माझ्या," ते म्हणाले, जणू फोडणी करपल्यासारखं.

"कधीपासून?"

"दसऱ्यापासनं."

"रोज?"

"रोज. ताकात साय. चटणीत तेल. नाचणीची लापशी खाल्लीस न्हवं, तिच्यात तर लोणी हुतं."

मला हसू यायला लागलं आणि रडूही. दोन्ही एकदम येतं तेव्हा माणूस कसा दिसतो कोण जाणे, पण पलीकडची नर्स घाबरून जवळ आली. मी तिला हातानंच काही नाही म्हणून सांगितलं.

"का, अण्णा? माझी किडनी नको होती तर नको म्हणायचं होतंत."

"म्हणलो असतो तर तुझी आई ऊर बडवून घेती. तू भांडली असतीस. मला वाटलं, डॉक्टरनंच न्हाई म्हणलं की सुटलं. कुणाचा दोष न्हाई, कुणाचं काय न्हाई." त्यांचा आवाज खाली आला. "पद्मा, मी तुला चारून वाढवली. आता तुझं पोट फाडून मी जगू? उद्या तुला बघायला आले तर काय सांगू, पोरगी चांगली हाय पण आतनं अर्धी हाय म्हणून?"

"आणि मी काय करत होते माहीत आहे? वजन उतरेना म्हणून संध्याकाळचं जेवण सोडलं. मागच्या आठवड्यात जिन्यात चक्कर येऊन पडले. हा गुडघा पायरीवरून घसरून नाही फुटला."

अण्णा ताडकन उठायला गेले, छातीवरचा डबा मी कसाबसा हातात धरला. नळ्या ओढल्या गेल्या, यंत्र चिं चिं करायला लागलं, नर्स धावत आली आणि त्यांना परत आडवं केलं. त्यांचं लक्षच नव्हतं.

"उपाशी राहिलीस? माझ्या घरात?"

"तुमच्या घरात."

त्यांचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. ज्यांच्या दारातून कधी कुणी रिकाम्या पोटी गेलं नाही, त्यांची स्वतःची मुलगी आठवडाभर पाणी पिऊन झोपत होती. आणि तेही त्यांच्याच तुपामुळं.

"आता माझं ऐका," मी म्हणाले. "खानावळीत पोरं ताटावर हात आडवा धरतात, नको अण्णा, बास अण्णा म्हणतात. तुम्ही कधी ऐकलंत? हात बाजूला करता आणि वाढता. आता मी वाढतेय तर तुम्ही हात आडवा धरता?"

"ते भाकरीचं झालं गं."

"माझं पण तेच आहे. मी काही उपकार करत नाही. मला तुम्ही हवे आहात. माझं लग्न झालं तरी हवे आहात, नाही झालं तरी हवे आहात. अर्धी वगैरे काही होत नाही माणसं. डॉक्टरांना विचारा."

नळी लावलेला हात तसाच ठेवून दुसऱ्या हातानं अण्णांनी माझ्या हातातला डबा घेतला आणि बाजूच्या टेबलावर ठेवला.

"दुखंल तुला," शेवटी म्हणाले.

"दुखेल की. मग बरं होईल."

"लई दुखंल?"

"तुम्ही शेजारच्या खोलीत असालच. दोघं मिळून ओरडू."

ते हसले. आधी नुसते ओठ हलले, मग पोट हलायला लागलं, मग यंत्रानं पुन्हा चिं चिं केलं आणि नर्स म्हणाली, "अहो, तुम्ही बाहेर जा बघू ताई!"

डायलिसिस संपल्यावर अण्णांनी चाकाच्या खुर्चीवरून थेट ताम्हनकरबाईंकडे न्यायला लावलं. बाईंनी त्यांना असं काही फैलावर घेतलं की मी दाराबाहेर उभी राहून तोंडात ओढणी कोंबली. अण्णा मात्र शांतपणे सगळं ऐकून म्हणाले, "चुकलंच. आता तेल किती टाकू ते सांगा. पळीभर?"

"चमचाभर."

"मोठा?"

"चहाचा!"

"त्यात फोडणीसुद्धा बसंना, बाई."

"बसवा. तुम्ही खानावळवाले आहात ना?"

मग बाईंनी मला आत बोलावलं. "आणि तू. सगळा दोष तुपाचा नाही. आठ किलो उतरले की शरीर सावध होतं, थोडं अडून बसतंच, ते सगळ्यांचंच होतं. त्यात तू उपास धरलास. त्याला वाटलं दुष्काळ पडलाय, त्यानं सगळं कोठारात दडवून ठेवलं. वेळेवर जेव, पोटभर झोप, डाळ-उसळ वाढव. आणि नुसतं पळू नकोस, वजन उचल."

वजन उचलायला व्यायामशाळेत जायची मला लाज वाटायची. अण्णा म्हणाले, "खानावळीत काय कमी हाय?" दुसऱ्या दिवसापासून पिठाचे डबे माडीवरून मी खाली आणायला लागले, पाण्याच्या बादल्या मी भरायला लागले, आणि सकाळची कणीक, परातभर, आईच्या ऐवजी मी मळायला लागले. पहिल्या आठवड्यात केस विंचरायला हात वर जात नव्हते. अण्णा चौरंगावर बसून देखरेख करायचे. "अंग लाव, अंग! नुसती बोटं फिरवू नकोस!" माझं जेवण तेच करत होते, पण आता आई शेजारी चहाचा चमचा घेऊन उभी असायची. "अहो, बास!" "अगं, भरला तरी न्हाई अजून!" हे रोजचं झालं. आमटी मात्र तरीही चांगलीच व्हायची. त्यात ते आलं घालायचे, कोथिंबीर घालायचे, लिंबू पिळायचे आणि मी जेवायला बसले की अण्णा विचारायचे, "हाय न्हवं चव?"

काटा लगेच हलला नाही. पहिल्या खेपेला तिथंच. दुसऱ्या खेपेला मी चढायच्या आधी बाईंना म्हणाले, "नाही बघत मी, तुम्हीच बघा." डोळे मिटून उभी राहिले.

बाईंनी 'चक्' असा आवाज केला.

"काय झालं?"

"काही नाही. कानातले काढायला विसरलीस."

"काढू?"

"असू देत. तरी सत्त्याहत्तर आहे."

मी त्यांना काट्यावरूनच मिठी मारली आणि काटा वेडावाकडा नाचला.

त्यानंतर तो उतरतच गेला. हळू, पण रुसवा न धरता. जानेवारी सरता सरता मी चौऱ्याहत्तरच्या खाली आले. डॉक्टर शहापुरेंनी स्वतः वजन करून घेतलं, दंड दाबून बघितला आणि म्हणाले, "हे काय, पैलवान झालीस की!"

ऑपरेशनच्या आधी अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढं जावं लागतं. तीन-चार मंडळी टेबलामागं बसलेली, समोर कॅमेरा. एक गंभीर गृहस्थ चष्म्यावरून बघत म्हणाले, "किडनी देण्यासाठी तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का? मोकळेपणानं सांगा."

"दबाव होता," मी म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कोणाचा?"

"वडिलांचा."

शेजारी बसलेल्या अण्णांनी कपाळाला हात लावला.

"काय दबाव टाकला त्यांनी?"

"देऊ नकोस म्हणून. दोन महिने तूप चारलं मला."

मग सगळी हकीकत सांगावी लागली. त्या गंभीर गृहस्थांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, जमला नाही. शेवटी ते अण्णांकडे वळले. "मगदूम, आता तरी तुमची हरकत नाही ना?"

अण्णा उठून उभे राहिले. "न्हाई साहेब," ते म्हणाले. "पोरगी ऐकत न्हाई. आणि आता मलाबी जगायचंय."

ऑपरेशन झालं. दुखलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त आणि मी घाबरले होते त्यापेक्षा कमी. चौथ्या दिवशी टाक्यांवर हात धरून, भिंतीच्या कडेकडेनं मी अण्णांच्या खोलीपर्यंत चालत गेले. आत जायला मनाई होती, जंतुसंसर्गाची भीती. तोंडाला फडकं बांधून उंबऱ्यातच उभी राहिले.

अण्णा उशीला टेकून बसले होते. चेहऱ्यावरची ती राखेसारखी कळा गेली होती. हातात काचेचा ग्लास होता, काठोकाठ पाणी. डायलिसिसच्या त्या दीड वर्षात त्यांना दिवसभराचं पाणी मापानं मिळायचं. उन्हाळ्यात जीभ टाळ्याला चिकटली की आई बर्फाचा खडा त्यांच्या ओठांवर फिरवायची, तेवढाच. आता डॉक्टरांनी सांगितलं होतं, प्या, हवं तेवढं प्या.

"अण्णा," मी हाक मारली.

त्यांनी एक बोट वर केलं, थांब म्हणून. डोळे मिटले आणि ग्लास तोंडाला लावला. गळ्याची गाठ वरखाली होत राहिली. थेंबसुद्धा न सांडता त्यांनी अख्खा ग्लास रिकामा केला, मिशीवरून हात फिरवला आणि मग माझ्याकडे बघितलं.

"गार हाय," म्हणाले आणि ग्लास नर्सपुढं धरला. "आणि एक."